झाडीपट्टीतला ‘एकच प्याला’

उर्दू शायरीत तरही मुशायऱ्याचा जुना रिवाज आहे. एखाद्या उस्तादाचा मिसरा दिला जातो आणि त्याच जमिनीत, त्याच काफिया-रदीफात प्रत्येक शायर आपली गझल बांधून आणतो. याला कोणी चोरी म्हणत नाही. उस्तादाच्या जमिनीत पाऊल टाकले म्हणून दाद मिळते, आणि पाय घसरला तर हसेही होते.

हा रिवाज फक्त आपलाच नाही. अमेरिकेतील ‘ड्रीम थिएटर’ या मेटल बँडने २००२ साली बार्सिलोनात ‘मेटॅलिका’चा १९८६चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत रंगमंचावर वाजवला. काही श्रोते खूश झाले, काही नाराज. आम्ही तुमची गाणी ऐकायला आलो होतो, दुसऱ्यांची का वाजवता, ही त्यांची तक्रार. मला मात्र तेव्हा आपली झाडीपट्टी आठवते.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धान घरात आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचे मोठे ठाणे. नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. गाणी समोर बसलेल्या वादकांच्या साथीवर, तिथल्या तिथे गायली जातात. याच रंगभूमीवर हयात घालवणारे गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नव्या सामाजिक नाटकांबरोबर जुनी नाटकेही इथे पुन्हापुन्हा उभी राहिली. त्यांतलेच एक ‘एकच प्याला’.

राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या विदर्भातच, सावनेरला वारले. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात त्याचा पहिला प्रयोग केला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. अनेक चाली सुंदराबाई जाधवांकडून आल्या. त्यांत गझल-ठुमरीचा रंग होता. बालगंधर्वांच्या साथीला पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. मराठी नाट्यसंगीत हा आपल्याही घरचा ठेवा आहे, हे सांगायला ही दोन नावे पुरेत.

पण याच नाटकात आणखी एक नाव आहे, आणि ते आपण सहसा घेत नाही. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात शास्त्रीबुवांच्या शेजारी एक खुदाबक्षही बसतो. दोघांचे धर्म वेगळे, प्याला एक. शराब आपल्यात हराम आहे, म्हणून हे नाटक आपल्याबद्दल नाही, असे आपण समजतो. मी उर्दू शाळेत शिकवतो. महिनाभर गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी गेलो की कधीकधी दारातच कळते की गैरहजेरीचे कारण बापाच्या हातात आहे. मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक असते, पण बोलायचे नाही. हराम म्हटले की विषय संपत नाही. फक्त त्याच्यावर पडदा पडतो. खुदाबक्षाला मंडळात बसवून गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच तो पडदा उचलला होता.

आणि सिंधू? नवरा दारूत बुडाला तरी ती दळण दळते, मार खाते, मूल गमावते आणि मरतानाही नवऱ्यालाच सांभाळते. झाडीपट्टीच्या बायका तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या रडल्या. पण त्या रडूनच थांबल्या नाहीत. गडचिरोलीत गावोगाव चळवळ झाली आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आली. २०१० साली चिमूरहून हजारो बायका पायी नागपूरला, विधानभवनाकडे निघाल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही बंदी झाली. अवैध दारू वाढली, हे कारण देऊन सरकारने २०२१ साली ती उठवली. बंदी असावी की नसावी यावर मतभेद राहतील. पण सिंधू उंबऱ्याच्या आत राहिली आणि या बायका रस्त्यावर आल्या, एवढे तर इतिहासात लिहिले गेले.

जुनी कृती पुन्हा उभी करायची ती याचसाठी. नाटकातले शब्द तेच असतात, ऐकणारे बदललेले असतात. जुन्या शब्दांशेजारी उभे राहिले की आपण किती बदललो आणि किती नाही, याचे माप मिळते. सिंधूच्या बाबतीत झाडीपट्टी पुष्कळ पुढे गेली. खुदाबक्षाच्या बाबतीत आपण कुठे आहोत? मिसरा तर शंभर वर्षांपूर्वीच दिला गेला आहे. आपली गझल अजून यायची आहे.