दोन महिन्यांत फिरलेलं वारं



लोकसभेची निवडणूक जवळ आली की पारावर, पिठाच्या गिरणीवर, बचत गटाच्या बैठकीत एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा वारं कुणाचं?" हे वारं फिरतं म्हणजे काय होतं, ते समजून घ्यायला आज आपण 1977 सालाकडे वळू. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या आयाबायांना तो काळ आठवत असेल.

1971 साली इंदिरा गांधींच्या काँग्रेसने देशात 352 जागा जिंकल्या होत्या. महाराष्ट्रात 45 पैकी 42. जून 1975 मध्ये आणीबाणी लागली. विरोधी पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. नसबंदीची सक्ती झाली. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. लोक गप्प होते, पण गप्प बसणं म्हणजे मान्य असणं नव्हे.

18 जानेवारी 1977 ला निवडणूक जाहीर झाली. पाचच दिवसांत चार विरोधी पक्षांनी एकत्र येऊन जनता पक्ष उभा केला. 2 फेब्रुवारीला ज्येष्ठ मंत्री जगजीवनराम यांनी काँग्रेस सोडली. त्यांच्यासोबत ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथीही बाहेर पडल्या. मार्चमध्ये मतदान झालं. काँग्रेस 154 जागांवर आली. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये तर एकही जागा मिळाली नाही. खुद्द इंदिराजी रायबरेलीत हरल्या. महाराष्ट्रात 48 पैकी 20 जागा काँग्रेसला आणि 19 जनता पक्षाला मिळाल्या. आंध्रात मात्र काँग्रेसने 42 पैकी 41 जिंकल्या. म्हणजे वारं सगळीकडे सारखं नव्हतं.

आता यातला हिशेब पाहू. समजा, 100 बायकांनी मत दिलं. एकीला 44 मिळाली, बाकीची 56 चौघींत वाटली गेली: 20, 15, 12 आणि 9. जिंकली कोण? 44 वाली. 1971 ला काँग्रेसला देशात साधारण तेवढीच मतं होती. 1977 ला ती शंभरात 34-35 वर आली आणि समोरची मतं एका जागी गोळा झाली. म्हणून जागा इतक्या घटल्या. थोडी मतं हलली, तरी सरकार हलतं.

मुंबईतून त्या वेळी दोन बायका लोकसभेत गेल्या, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर. 1972 पासून महागाईविरुद्ध हातात लाटणं घेऊन मोर्चे काढणाऱ्या या बायका. आणीबाणीत दोघींनी तुरुंग भोगला. पाण्यासाठी लढल्या म्हणून मृणालताईंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. पण एक गोष्ट आम्हाला टोचते. एवढं वारं फिरलं, तरी त्या लोकसभेत निवडून आलेल्या बायका फक्त 19. आजवरच्या सगळ्या लोकसभांत सर्वांत कमी. सत्ता बदलली म्हणून बायकांना जागा आपोआप मिळत नाही.

पुढे जनता पक्षात भांडणं लागली, सरकार कोसळलं, कांदाही महागला. जानेवारी 1980 मध्ये लोकांनी पुन्हा इंदिराजींना 353 जागा दिल्या. महाराष्ट्रात 48 पैकी 39. ज्यांनी उतरवलं, त्यांनीच तीन वर्षांत परत बसवलं. मतदार कुणाच्या दावणीला बांधलेला नसतो, हे त्यांनी दोनदा दाखवून दिलं.

आज आपल्या गटांना सभेची गर्दी म्हणून बोलावणं येतं. गाडी येते, जेवण असतं, कधी साडीही मिळते. "आपल्या गटाची सगळी मतं अमक्याला," असं कुणीतरी परस्पर सांगूनही टाकतं. आम्ही समन्वयक म्हणून स्पष्ट सांगतो: गटाची बचत एकत्र असते, कर्जाची हमी एकत्र असते, पण मत प्रत्येकीचं वेगळं. ते ना अध्यक्षबाईंनी ठरवायचं, ना घरच्या कारभाऱ्यांनी, ना आम्ही.

पुढच्या बैठकीत हप्त्याचं काम उरकलं की अर्धा तास काढू. पाणी, रेशन, दवाखाना, रोजगार हमीची मजुरी. कुणी काय बोललं होतं आणि काय केलं, ते वहीत लिहू. मग जिचं तिने ठरवावं. वारं कुणाचं, हे विचारत बसायला नको. ते आपल्याच बोटांतून सुटतं.