एकवीस, अठरा, सोळा : मतदानाच्या वयाचा भारतीय प्रवास

१/ १९ एप्रिल १९१०. ठाण्याच्या तुरुंगात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांना फाशी देण्यात आली. नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी त्यांनी गोळ्या झाडल्या होत्या. फासावर चढताना कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचे होते. #थ्रेड #इतिहास

२/ सरकारच्या लेखी हा तरुण स्वतःच्या कृत्याची किंमत प्राणांनी मोजण्याइतका मोठा होता. राज्य कोणी चालवावे हे सांगण्याइतका मोठा नव्हता. नवल असे की, स्वतंत्र भारतानेही अठरा वर्षांच्या नागरिकाला एकोणचाळीस वर्षे मत दिले नाही. आज जगभर सोळाव्या वर्षी मताधिकार देण्याची चर्चा चालू आहे. त्या वादात उतरण्यापूर्वी एकवीसचे अठरा कसे झाले, हे पाहू.

३/ प्रथम एक खुलासा. १९१० साली कान्हेरे चाळिशीचे असते, तरी त्यांना मत मिळाले असतेच असे नाही. त्या काळी वयाआधी मालमत्ता विचारली जाई. जमिनीचा सारा, प्राप्तिकर, पदवी अशा चाळण्यांतून जो पार पडेल तो मतदार. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी चाळणीची भोके मोठी केली, पण बहुसंख्य प्रौढ स्त्री-पुरुष तिच्यावरच अडकून राहिले.

४/ या चाळणीविरुद्ध भारतीय बाजूने जो मसुदा पुढे आला, तो १९२८ चा नेहरू अहवाल. मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील समितीने एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मागितले. त्याच वर्षी ब्रिटनने स्त्रियांच्या मतदानाचे वय तीसवरून एकवीसवर आणून त्यांना पुरुषांच्या बरोबरीस बसवले. राज्यकर्ते जे नुकते आपल्या घरी देत होते, तेच येथील नेते आपल्या देशासाठी मागत होते.

५/ पण एकवीसच का? हा आकडा मध्ययुगीन इंग्लंडच्या सरंजामी कायद्यातून आला. सरदाराचा वारस एकविसाव्या वर्षी जहागिरीचा ताबा घेई; त्या वयात चिलखत पेलून घोड्यावरून लढण्याचे बळ अंगी येते, असे त्याचे कारण सांगितले जाते. पुढे घोडा गेला, चिलखत गेले. आकडा मात्र राहिला. जमिनीच्या वारशासाठी नेमलेले वय मतपेटीला येऊन चिकटले.

६/ याहून रंजक गोष्ट आपल्याच कायद्यात आहे. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्याने सज्ञानतेचे सर्वसाधारण वय अठरा ठरवले होते. न्यायालयाने पालक नेमला असेल तर ते एकवीस होई. हा अपवाद १९९९ पर्यंत टिकला. म्हणजे अठरा वर्षांचा मनुष्य जमीन विकू शकत होता, करारावर सही करू शकत होता, कर्ज काढून बुडूही शकत होता. १९५० साली त्याला मत तेवढे देता येत नव्हते!

७/ ‘सज्ञान’ हा शब्दच पाहा : ज्ञानासह असलेला. वाढदिवसाच्या आदल्या रात्री अज्ञान आणि सकाळी सज्ञान, असे कोणाचेही होत नाही. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावी लागते, म्हणून तो ओढतो. ती रेघ सोयीसाठी आहे हे विसरून आपण तिला निसर्गनियम मानू लागतो, तेथे घोटाळा सुरू होतो.

८/ हा घोटाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वेगळ्या संदर्भात ओळखला होता. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. पुढे सायमन आयोगाच्या वेळी त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला आणि साक्षरतेची अट फेटाळली. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध हे समीकरणच चुकीचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

९/ हा युक्तिवाद वयाला जसाच्या तसा लागू पडत नाही. वय प्रत्येकाचे वाढते, जात आणि दारिद्र्य आपोआप सरत नाही. तरी त्यातील मर्म उपयोगी आहे. ‘तुम्ही अजून योग्य नाही’ असे म्हणणाऱ्याने योग्यता कशी मोजली, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. मताधिकाराच्या इतिहासात ती जबाबदारी क्वचितच कोणी पार पाडली.

१०/ संविधान सभेने १९४९ मध्ये प्रौढ मताधिकाराचे कलम स्वीकारले. तेच आजचे कलम ३२६. शिक्षण, संपत्ती, जात, लिंग या साऱ्या अटी एका फटक्यात गेल्या. वय राहिले : एकवीस. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७.३ कोटी मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. एवढे मोठे धाडस करणाऱ्या सभेने वयाच्या बाबतीत तेवढी जुनी वाट धरली.

११/ वयाचा विचार सभेत अगदीच झाला नाही, असे नाही. राज्यसभेच्या सदस्यासाठी पस्तीस वर्षांची अट सुचवली गेली, तेव्हा दुर्गाबाईंनी (पुढे दुर्गाबाई देशमुख) ती तीसवर आणण्याची दुरुस्ती मांडली आणि ती मान्य झाली. विशीतच मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या स्त्रीला वय आणि शहाणपण यांच्या नात्याबद्दल कोणी शिकवावे? १९४२ साली नंदुरबारला गोळीबारात शहीद झालेला शिरीषकुमार तर पंधरा वर्षांचा होता.

१२/ यानंतर जग हलले. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीचे वय अठरावर आणले आणि ‘लढण्याइतके मोठे, तर मत देण्याइतकेही मोठे’ ही घोषणा जन्मली. व्हिएतनाम युद्धाने तिला धार आली. ब्रिटनने १९६९ मध्ये वय अठरा केले; अमेरिकेने १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तेच केले. राज्यांची संमती मिळायला तेथे चार महिनेही लागले नाहीत.

१३/ भारतात सक्तीची भरती नव्हती. येथे प्रश्न रस्त्यावरून पुढे आला. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणावळीचे दर वाढले. त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटले. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला, मार्चमध्ये विधानसभा बरखास्त झाली. पण जून १९७५ मध्ये नवी विधानसभा निवडली गेली, तेव्हा या आंदोलकांपैकी जे एकवीसच्या आत होते त्यांना मतदानकेंद्राची पायरी चढता आली नाही. सरकार पाडता येत होते, निवडता येत नव्हते.

१४/ याच काळात जयप्रकाश नारायण यांनी निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते मूळचे सासवडचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे. या समितीने १९७५ च्या आरंभी अहवाल दिला. मतदानाचे वय अठरा करावे, ही त्यातील एक शिफारस. काही महिन्यांतच आणीबाणी आली. तरुणांचे मत बाजूलाच राहिले, सर्वांचेच मत धोक्यात आले.

१५/ अखेर हे काम राजीव गांधींच्या सरकारने केले. डिसेंबर १९८८ मध्ये बासष्टावे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत आले. कारणे मोजकी होती : अनेक देशांत वय अठरा आहे, आपल्याकडेही काही राज्यांनी स्थानिक संस्थांसाठी ते स्वीकारले आहे, आजचा तरुण शिकलेला आणि राजकीयदृष्ट्या जागरूक आहे. दोन्ही सभागृहांनी आठवड्याभरात मंजुरी दिली, निम्म्याहून अधिक राज्यांनी संमती दिली आणि २८ मार्च १९८९ रोजी एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली.

१६/ ‘आजचा तरुण जागरूक आहे’ या वाक्यावर थोडे थांबू. १९४२ चा तरुण जागरूक नव्हता काय? १९७४ चा? बदल तरुणांत झाला त्याहून अधिक तो पाहणाऱ्यांच्या नजरेत झाला. आणि त्या नजरेत निवडणुकीचा हिशेबही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याने मत दिले त्याला मत मिळेल, ही आशा राज्यकर्त्यांना वाटणे स्वाभाविकच होते.

१७/ हिशेब चुकला. नोव्हेंबर १९८९ च्या निवडणुकीत चारशेहून अधिक जागांवरचा काँग्रेस पक्ष १९७ वर आला. बोफोर्स, फुटलेले सहकारी, एकवटलेले विरोधक अशी पराभवाची अनेक कारणे होती. तो केवळ नव्या मतदारांनी घडवला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. एवढे मात्र खरे, की ‘तरुणांची मतपेढी’ नावाची वस्तू कोणाच्याच हाती लागली नाही. अठरा वर्षांची मुले आपापल्या घराप्रमाणे, जातीप्रमाणे, प्रांताप्रमाणे आणि मर्जीप्रमाणे विभागली गेली. अगदी त्यांच्या वडीलधाऱ्यांसारखीच.

१८/ विरोधकांची भीतीही खोटी ठरली. कोवळ्या मतदारांमुळे लोकशाही उधळली नाही. एकूण मतदान १९८४ च्या सुमारे ६४ टक्क्यांवरून सुमारे ६२ टक्क्यांवर आले. म्हणजे उत्साहाचा पूरही आला नाही. मत मिळाले म्हणून रस्ते शांत झाले, असेही नाही. वर्षभरातच मंडल आयोगाच्या प्रश्नावर विद्यार्थी दोन्ही बाजूंनी रस्त्यावर होते.

१९/ आता सोळाचा प्रश्न. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये वय सोळा केले. ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानाने सोळा-सतरा वर्षांच्यांना ऐच्छिक मत दिले. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांनी आपल्या देशाचे भवितव्य ठरवण्यात भाग घेतला. आपल्याकडे हा विषय काढला की ‘पोरांना काय कळते’ हे उत्तर तयार असते. एकवीसचे अठरा होतानाही तेच उत्तर होते.

२०/ पण उत्तर जुने आहे म्हणून आपोआप चूक ठरत नाही. आपला कायदा वयाबद्दल एका सुरात बोलत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार अतिगंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या आरोपीवर, प्राथमिक छाननीनंतर, प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. दुसरीकडे सोळाव्या वर्षी करार करता येत नाही, विवाह करता येत नाही. शिक्षेसाठी मोठा, हक्कासाठी लहान : कान्हेरेंच्या वेळचा विरोधाभास वेगळ्या वेषात अजून उभा आहे.

२१/ माझे मत विचाराल तर लोकसभेचे वय आज सोळा करू नये. पण १९८८ च्या विधेयकातच एक वाट दडलेली आहे. आधी काही राज्यांनी स्थानिक निवडणुकांत अठरा वर्षांच्यांना मत दिले, अनुभव घेतला आणि मग संविधान बदलले. कलम ३२६ लोकसभा आणि विधानसभांविषयी बोलते. ग्रामपंचायत, नगरपालिका यांचे मतदार ठरवणे हा राज्याच्या कायद्याचा विषय आहे. गावच्या शाळेचे, नळाचे, एसटीच्या थांब्याचे प्रश्न सोळा वर्षांच्या मुलीला सरपंचाइतकेच ठाऊक असतात. तेथे प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे?

२२/ त्याआधी एक कटू गोष्ट. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशात अठरा-एकोणीस वयाचे नोंदलेले मतदार सुमारे १.८ कोटी होते. त्या वयाच्या अंदाजित लोकसंख्येच्या निम्म्याहूनही कमी. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती, आता वर्षात चार आहेत. सतरा वर्षे पूर्ण होताच आगाऊ अर्जही करता येतो. वाट मोकळी आहे. चालणारे कमी आहेत.

२३/ म्हणून वाचकहो, सोळाव्या वर्षी मत मागायचे असेल तर सर्वांत भक्कम युक्तिवाद भाषणात सापडणार नाही. तो अठरा-एकोणीस वर्षांच्यांच्या मतदारयादीत सापडेल. आपले नाव तेथे आहे का, हे आज पाहा. नसेल तर नोंदवा, आणि सोळाच्या बाजूने असाल वा विरुद्ध, आपले म्हणणे खाली अवश्य मांडा. धागा समाप्त.