मिथेनॉल डिहायड्रोजनेज (लोणार)

मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइडात रूपांतर करून एककार्बनी द्रव्यांवर जगणाऱ्या जिवाणूंच्या चयापचयाचा आरंभ करून देणारे एंझाइम. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे ज्वालामुखीय खडकात उल्काघाताने झालेले सरोवर, जेथील क्षारांपासून काच व साबण यांचे द्रव्य मिळून सरकारात महसूल जमा होतो अशी दखल ‘आईने अकबरी’नेही घेतली, ते आज जीवरसायनज्ञांस गाळातील जिवाणूंमुळे अधिक मोलाचे आहे. पाण्याचा पीएच १० च्या आसपास. विवराचे वय कोणी ५२ हजार, तर कोणी ५ लाख ७० हजार वर्षे मानतात. या गाळातील मिथायलोफेगा वंशाचे जिवाणू मिथेनॉल पचवितात, हे पुण्याचे योगेश शौचे व ब्रिटनचे कॉलिन मरेल यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखविले. मिथायलोफेगा लोणारेन्सिस ही नवी जाती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

रचना : पुढील वर्णन मिथायलोबॅक्टेरियम एक्स्टॉर्क्वेन्स या मिथायलोफेगाच्या दूरच्या आप्ताच्या एंझाइमाचे असून, त्याचे क्ष-किरण विवर्तनाने १.९४ ॲंगस्ट्रॉमपर्यंत शुद्ध केलेले चित्र १९९५ मध्ये उपलब्ध झाले. दोन थोरल्या व दोन धाकट्या साखळ्यांच्या या प्रथिनात प्रत्येक थोरली साखळी रहाटाच्या आऱ्यांप्रमाणे आठ पट्ट्यांत मांडलेली असून, मध्यभागीच्या गाभ्यात पायरोलोक्विनोलीन क्विनोन हा सहघटक, एका बाजूस ट्रिप्टोफॅन व दुसऱ्या बाजूस दोन लगतच्या सिस्टीनांच्या गंधकबंधाने झालेले आठ अणूंचे कडे, यांच्यामध्ये दाबून धरलेला आहे. असे कडे प्रथिनांत अतिविरळ असून रचनेतील सर्वांत विलोभनीय भाग तोच होय. त्याच्या प्रयोजनाविषयी मात्र मतैक्य नाही.

यंत्रणा : कॅल्शियमाचा आयन क्विनोनच्या पाचव्या कार्बनावरील ऑक्सिजनास आपल्याकडे खेचून त्या कार्बनास इलेक्ट्रॉनांचा भुकेला करतो, आणि ३०३ क्रमांकाचे ॲस्पार्टिक अम्ल मिथेनॉलच्या हायड्रॉक्सिल गटाचा प्रोटॉन काढून घेते, तेव्हा मिथेनॉलच्या कार्बनावरील हायड्रोजन इलेक्ट्रॉनांच्या जोडीसह क्विनोनकडे जातो व फॉर्माल्डिहाइड सुटते. मिथेनॉल आधी क्विनोनशी सहसंयुज बंधाने जोडले जाते, असा दुसरा पक्ष आहे. बहुतेक अलीकडील संशोधक पहिल्यास अनुकूल दिसतात. क्षपित क्विनोन पुढे एकेक इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सी-एल या प्रथिनाच्या स्वाधीन करतो. हे कार्य पेशीच्या आतील पटलाबाहेर चालत असल्याने लोणारसारख्या ठिकाणी पाण्याच्या क्षारतेशी एंझाइमाचा थेट संबंध येतो.

दुसरा प्रकार : झॉक्सएफ; यात कॅल्शियमाऐवजी लँथॅनम, सिरियम इत्यादी विरल मृत्तिका मूलद्रव्ये असतात.