रक्तातून गेलेला निरोप : लंडन, १९०२

१/ ग्रंथींचे स्राव दोन वाटांनी जातात. घाम, लाळ, अश्रू नलिकेतून वाहतात; त्या बहिःस्रावी ग्रंथी. अवटू ग्रंथीला नलिकाच नसते. तिचा स्राव थेट रक्तात मिसळतो. ती अंतःस्रावी. स्वादुपिंड ही दोन्ही कामे करते.

२/ जठरातील आम्ल लहान आतड्यात उतरताच स्वादुपिंड पाचकरस सोडते. हा हुकूम मज्जातंतूंमार्फत जातो, असे रशियातील इव्हान पावलोव्ह यांचे मत होते. आणि पचनक्रियेच्या अभ्यासात त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते.

३/ जानेवारी १९०२. युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले, रक्तवाहिन्या राखल्या आणि तेथे सौम्य आम्ल सोडले. रस तरीही पाझरला. मग आतड्याचे अस्तर खरवडून, आम्ल व वाळूसह घोटून, गाळलेला अर्क शिरेत टोचला. पुन्हा रस वाहिला. निरोप रक्तातून गेला होता. आतड्याचे अस्तरच अंतःस्रावी ठरले. त्या द्रव्याला 'सिक्रेटिन' हे नाव मिळाले.

४/ पावलोव्ह यांनी हा प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करवून पाहिला आणि निष्कर्ष स्वीकारला. मज्जातंतूंचा सहभाग खोटा नव्हता. तो एकमेव नव्हता, इतकेच. १९०४ चे नोबेल पारितोषिक पावलोव्ह यांना लाभले. बेलिस आणि स्टार्लिंग यांना ते कधीच मिळाले नाही.

५/ १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द योजला. त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ 'चेतवणे'. मराठीतील 'संप्रेरक' तोच आशय जपतो. पारितोषिक हुकले, शब्द मात्र जगभर रुजला.