पसंतिक्रम मतदान

पसंतिक्रम मतदान : एकाच जागेसाठी दोनपेक्षा अधिक उमेदवार असता मतदाराने केवळ एकाच्या नावापुढे खूण न करता उमेदवारांना पसंतीनुसार १, २, ३ असे क्रमांक द्यावेत व त्यांवरून विजयी उमेदवार ठरवावा, अशी मतदानपद्धती. क्रमांकांवरून निकाल काढण्याचे मार्ग मात्र अनेक असून, ते नेहमी एकाच उमेदवाराकडे नेत नाहीत.

रामोन लुल या कॅटलन तत्त्वज्ञाने तेराव्या शतकाच्या अखेरीस, तसेच निकोलस ऑफ क्यूसा याने १४३३ मध्ये या प्रश्नाचा विचार केला होता; पण त्यांचे लेखन विस्मृतीत गेले. झां शार्ल द बोर्दा (१७३३–९९) या फ्रेंच नौदलातील गणितज्ञाने १७७० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तो नव्याने मांडला. त्याच्या उदाहरणात २१ मतदार व क, ख, ग हे तीन उमेदवार आहेत. एकाचा पसंतिक्रम क-ख-ग, सात जणांचा क-ग-ख, सात जणांचा ख-ग-क आणि सहा जणांचा ग-ख-क असा आहे. केवळ पहिली पसंती मोजल्यास क (८ मते) विजयी होतो. वस्तुतः १३ मतदारांनी त्याला शेवटचा क्रमांक दिलेला असतो. बोर्दाने पहिल्या पसंतीस ३, दुसरीस २ व तिसरीस १ गुण देण्याचे सुचविले. त्यानुसार क ला ३७, ख ला ४२ व ग ला ४७ गुण मिळून ग निवडून येतो. अकादमीने ही पद्धत आपल्या सदस्यांच्या निवडीसाठी काही काळ वापरली.

मार्की द काँदॉर्से (१७४३–९४) याने १७८५ च्या ग्रंथात गुणांऐवजी प्रत्येक दोन उमेदवारांमधील सरळ लढत निर्णायक मानली. वरील उदाहरणात तीही ग च जिंकतो. परंतु काही वेळा बहुमत क ला ख पेक्षा, ख ला ग पेक्षा आणि पुन्हा ग ला क पेक्षा श्रेष्ठ ठरविते, हा विरोधाभासही त्यानेच दाखविला. केनेथ ॲरोच्या १९५१ मधील प्रमेयाचे मूळ या विरोधाभासात आहे.

व्यवहारात अधिक रुजली ती तिसरी, कनिष्ठ उमेदवार वगळण्याची पद्धत. तीत कोणासही निम्म्याहून अधिक मते नसल्यास सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होऊन त्याची मते पुढील पसंतीकडे जातात. बोर्दाच्याच मतपत्रिका तीनुसार मोजल्यास ग आधीच बाद होतो व ख १३ मतांनी जिंकतो. म्हणजे मतदारांनी एक आकडाही न बदलता तिघेही उमेदवार विजयी ठरू शकतात. ऑस्ट्रेलियात १९१८ मध्ये स्वान येथील पोटनिवडणुकीत विरोधी मते विभागून मजूर पक्षाचा उमेदवार सु. ३४ टक्के मतांवर निवडून आला. त्याच वर्षी तेथील प्रतिनिधिगृहासाठी ही पद्धत कायद्याने स्वीकारण्यात आली.

भारताच्या राष्ट्रपतीची निवडणूक संविधानाच्या अनुच्छेद ५५ नुसार याच रीतीने होते. तेथे तिला प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हटले आहे. पद एकच असल्याने हे नाव तितकेसे सार्थ नाही. १९६९ मध्ये विजयासाठी ४,१८,१६९ मतमूल्य आवश्यक होते. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ व चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. देशमुख व इतर उमेदवार बाद झाल्यावर त्यांची बहुतेक मते रेड्डींकडे वळली. तरीही गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे विजयी झाले. आवश्यक संख्येहून त्यांना केवळ १,९०८ अधिक मिळाली होती.