बॉम्बशेल



परवा पुण्याहून नातीचा फोन आला. "आजी, बॉम्बशेल आहे! मी नोकरी सोडली." ती हसत होती, इकडे माझे हातपाय गार पडले. फोन ठेवल्यावर मी आधी शब्दकोश उघडला.

'बॉम्ब'चे मूळ ग्रीक 'बॉम्बोस' या शब्दात आहे. अर्थ, घुमणारा आवाज. आपल्या 'धडाम'सारखाच आवाजावरून आलेला शब्द. लॅटिन, इटालियन, फ्रेंच असा फिरत तो इंग्रजीत आला. 'शेल' म्हणजे कवच. भुईमुगाच्या शेंगेचे टरफल, तेही शेलच.

जुन्या तोफा बहुधा दगडाचे किंवा लोखंडाचे भरीव गोळे फेकत. आपल्या नगरात १५४९ मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ, जी आता विजापुरात आहे, ती त्याच काळातली. पोकळ लोखंडी गोळ्यात बंदुकीची दारू भरून वात लावली की झाला बॉम्बशेल. इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतो. अचानक आदळणाऱ्या बातमीला तो एकोणिसाव्या शतकात लागला.

पोकळीत दारू भरण्याची युक्ती नगरच्या किल्ल्याने त्याआधीच सोसली होती. १५९५-९६ च्या वेढ्यात अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेने तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांना सुगावा लागला आणि त्यांनी काही सुरुंगांतली दारू काढून टाकली. एक मात्र उडाला, तटाला मोठे खिंडार पडले. चांदबीबी स्वतः तिथे उभी राहिली, शत्रूला आत येऊ दिले नाही आणि रातोरात खिंडार बुजवून घेतले.

माझ्याही तोंडून एकदा असा गोळा सुटला होता. भर पंगतीत मी धाकट्या जाऊबाईंच्या माहेरची एक अडचण बोलून गेले. गोष्ट खरी होती. त्या ताटावरून तशाच उठल्या. संवत्सरीला मी त्यांच्याकडे खमतखामणा केला, त्यांनी क्षमाही केली. पण ते खिंडार बुजायला एक रात्र नाही, सहा वर्षे लागली.

पाच समितींत भाषासमिती दुसरी. खरे तेच बोलायचे, पण तेही जपून, हे मी लहानपणापासून ऐकले होते. वात पेटायच्या आधी दारू काढता येते, हे मात्र उशिरा कळले.

रविवारी नात येते आहे. नोकरी का सोडली, ते जेवण झाल्यावर तिला एकटीलाच विचारीन.