मावळातील तीन चैत्यगृहे आणि समरूपता

सातवी-आठवीच्या वर्गात ‘समरूप म्हणजे काय?’ असे विचारले, की बहुधा उत्तर येते : ‘दिसायला सारखे, फक्त लहानमोठे.’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. ‘दिसायला सारखे’ हे ठरवायचे कसे, हाच खरा प्रश्न. त्याचा निवाडा करण्यासाठी मावळ तालुक्यात, लोणावळ्याच्या जवळपास, कातळात कोरलेली तीन उत्तम उदाहरणे आहेत : भाजे, बेडसे आणि कार्ले येथील चैत्यगृहे.

भाज्याचे चैत्यगृह सुमारे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील, बेडशाचे त्यानंतरचे आणि कार्ल्याचे इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे पूर्ण झालेले. तिन्हींचा घाट एकच. पुढे लांबट आयत, मागे अर्धवर्तुळ, कडेने खांबांची रांग आणि अर्धवर्तुळाच्या भागात स्तूप. तीनही पाहून आलेला विद्यार्थी ती समरूप आहेत असे सहज म्हणेल.

या वास्तूंची तुलना पद्धतशीरपणे करणाऱ्यांत जेम्स फर्ग्युसन (१८०८–१८८६) अग्रभागी होता. निळीच्या व्यवसायात पैसा मिळवून तो वास्तुकलेच्या अभ्यासाकडे वळला. भारतीय वास्तुकलेच्या इतिहासावरील त्याचा ग्रंथ १८७६ साली निघाला. त्यात त्याने आराखड्यांसाठी एकच प्रमाण धरले : ५० फुटांना १ इंच, म्हणजे १ : ६००. प्रत्येक चित्र पानात मावेल तसे लहानमोठे केले असते, तर वास्तूंचे आकारमान चित्रांवरून कळले नसते. प्रमाण एकच असल्याने दोन चित्रांतील लांबींचे गुणोत्तर हेच दोन वास्तूंच्या लांबींचे गुणोत्तर ठरते. पुढे १८८० साली फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आता मापे पाहू. आतील लांबी व रुंदी अंदाजे अशी : भाजे ५९ व २७ फूट, बेडसे ४५ व २१ फूट, कार्ले १२४ व ४५.५ फूट. बेडशाशी तुलना करता भाज्याची लांबी १.३ पट आणि रुंदीही सुमारे १.३ पट आहे. म्हणजे हे दोन आराखडे जवळजवळ समरूप आहेत. पण भाज्याशी तुलना करता कार्ल्याची लांबी २.१ पट, तर रुंदी १.७ पटच भरते. घाट एक, कोन तेच, तरीही आकृत्या समरूप नाहीत! लांबीच्याच पटीने रुंदी वाढली असती, तर कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ५७ फूट रुंद झाले असते.

असे का झाले असावे? लेणे लांब करायचे तर खांबांच्या रांगा पुढे वाढवता येतात. रुंद करायचे म्हटले, की मधल्या भागावर आधाराविना राहणारे छत रुंदावते. सर्व मापे दुप्पट केली, तर दगडाचे वजन आठपट होते, पण ते पेलणारा छेद चौपटच होतो. गॅलिलिओने १६३८ साली मांडलेला हा विचार आहे. मोठी वस्तू म्हणजे लहान वस्तूची नुसती फुगवलेली नक्कल नव्हे.

वर्गात हे करून पाहता येईल. १ सेंटिमीटरला ५ फूट असे प्रमाण घेऊन तिन्ही आराखड्यांना वेढणारे आयत काढावेत : ११.८ × ५.४, ९ × ४.२ आणि २४.८ × ९.१ सेंटिमीटर. ते कापून एक कोपरा जुळवून एकावर एक ठेवावेत आणि त्या कोपऱ्यातून निघणारे कर्ण पाहावेत. भाजे व बेडसे यांचे कर्ण जवळजवळ एका रेषेत येतात, कार्ल्याचा स्पष्टपणे वेगळा पडतो.

मग क्षेत्रफळाकडे वळावे. बेडशाच्या आयतापेक्षा भाज्याचा आयत किती पट? मुले १.३ म्हणतील. गुणाकार केल्यावर उत्तर १.६९ च्या जवळ येते, म्हणजे १.३ चा वर्ग. कार्ल्याच्या बाबतीत मात्र २.१ चा वर्ग, म्हणजे ४.४, येत नाही, सुमारे ३.५ येते. वर्गाचा नियम केव्हा लागू पडतो आणि केव्हा नाही, हे मुलांना येथे स्वतःच्या गणितातून सापडते. नियम पाठ करण्याआधी त्याची मर्यादा दिसणे, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.